टाकवत नाही ते

आमचे सर कुणाच्याही घरात शिरले की आधी चपला काढायचे आणि मग चष्मा. चष्म्याशिवाय त्यांना समोर बाई उभी आहे की बुवा हेही धड दिसत नसे, पण त्यांना तेच हवं असे. "डिझाइन मागनं बघायचं. आधी नुसते रंग. कोण कुणाशी बोलतंय आणि कोण तोंड फिरवून बसलंय, ते चष्मा काढल्यावर कळतं," असं म्हणून ते खोलीच्या मधोमध उभे राहायचे आणि मग उलट्या पावली मागे मागे चालत सुटायचे. मागे टीपॉय असो, कुंडी असो नाहीतर घरची मालकीण असो. माझी नोकरी खरी तिथून सुरू व्हायची. त्यांच्या मागे मागे राहून वाटेतलं सामान हलवायचं आणि माणसांची माफी मागायची.

दादरला मार्केटच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं ऑफिस होतं. मूळचे गिरगावातले. लोकांची घरं सजवून द्यायचे, पण त्यांना कुणी इंटिरियरवाले म्हटलेलं खपत नसे. "इंटिरियरवाले फर्निचर विकतात. मी घरातल्या कापडांची भांडणं सोडवतो." मी परळची, कोर्स करून नुकती बाहेर पडलेली, डोकं सगळं मोबाइलवरच्या चित्रांनी भरलेलं. पहिल्या दिवशी ठेवणीतला फुलाफुलांचा कुर्ता घालून गेले, तर दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, "साइटवर दोन डिझाइनं आधीच आहेत. तू तिसरं कशाला येतेस?" ते स्वतः कायम पांढरा शर्ट आणि राखाडी पँट. दुसऱ्या दिवसापासून मीही कपाटातले सगळे रंग बाजूला ठेवले. आमची जोडी घरात शिरली की लोकांना वाटायचं, कुणी गेलंय आणि आम्ही भेटायला आलोय.

त्यांचं शास्त्र तसं सोपं होतं. घरात तीन डिझाइनं खुशाल असावीत. एक मोठ्यानं बोलणारं, म्हणजे मोठी फुलं, मोठी पानं. एक हळू बोलणारं, म्हणजे बारीक बुट्टी. आणि एक सरळ रेघांचं, ते दोघांच्या मध्ये उभं राहतं. "तिघंही मोठ्यानं बोलायला लागली की पाहुणा चहा अर्धा ठेवून पळतो." शिवाय प्रत्येक कापडात शेजारच्या कापडातला एक तरी रंग यायला हवा. "अहो, एका खोलीत राहायचंय जन्मभर. तोंडओळख तरी नको का?" हे सगळं मी पुढे पुस्तकांत वाचलं, पण तिथे ते इतकं पटलं नाही.

पण शास्त्र सोपं आणि शास्त्री अवघड. त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे शिट्टी व्हायची राहिलेल्या कुकरजवळ उभं राहणं. माटुंग्याला एका डॉक्टरीणबाईंनी आमच्या नकळत हॉलमध्ये वॉलपेपर लावून घेतला होता, हातभर लांब पानांचा. सरांनी चष्मा काढला, परत घातला आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. बाई घाबरल्या. "काय झालं?" "काही नाही, यात वाघ आहे का बघतोय," सर म्हणाले आणि टेप गुंडाळून निघाले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी लिफ्टकडे. भायखळ्याला एका घरी तर उशीच्या अभ्र्यावरून असं जुंपलं की नवरा-बायको एका बाजूला झाले आणि सर दुसऱ्या बाजूला. त्या दोघांचं म्हणे त्याआधी कित्येक महिने पटत नव्हतं. सर मात्र घरी जाईपर्यंत धुमसत होते. चूक त्यांची कधी नसेच. चूक भिंतीची, खिडकीतल्या उजेडाची, नाहीतर माझी.

त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा वेगळीच होती. ते कुणालाही आवडता रंग विचारायचे नाहीत. मी एकदा एका घरी भोळेपणानं विचारला, तर त्यांनी खाली रस्त्यावर येईपर्यंत दम धरला आणि मग भर फुटपाथवर माझी हजामत केली. "आवडता रंग विचारला की माणसं खोटं बोलतात! शेजारणीकडे बघितलेला रंग सांगतात, टीव्हीतला सांगतात. विचारायचं ते टाकवत नाही असं काय आहे. घरात एक तरी वस्तू असते, जुनी, कुरूप, पण कुणाला टाकू देत नाहीत. त्यात त्या माणसाचे रंग असतात. ते उचलायचे आणि घरभर पसरायचे." आणि खरंच, हे चालायचं. परळला एका घरी त्यांनी आजोबांच्या जुन्या मफलरवरून अख्खी खोली बेतली होती. आजोबा खोलीत शिरले आणि खुर्चीत बसले, ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. अशी चार-पाच घरं डोळ्यांनी बघितल्यावर मीही त्या प्रश्नावर देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवायला लागले.

नायगावचं काम आलं ते अशा दिवसांत.

चाळ पाडून झाली होती आणि माणसं शेजारच्याच नव्या टॉवरमध्ये राहायला गेली होती. आम्हाला बोलावलं तिथल्या एका घरच्या सुनेनं. ती बँकेत होती. मला वाटलं, नेहमीसारखं राखाडी-पांढरं करून मागेल. पण ती दारातच हलक्या आवाजात म्हणाली, "घर कसंही करा. फक्त आईंना इथे राहावंसं वाटायला हवं."

तिची सासू आत दिसत होतीच. नव्या कोऱ्या हॉलमध्ये, भिंतीला टेकवून ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली. पाय वर घेतलेले, हातात कापडी पिशवी. कुणी एसटीची वाट बघत बसावं तशी. राहायला आल्यापासून त्या अशाच बसतात, असं सुनेनं सांगितलं. जेवायला उठतात, झोपायला उठतात. बोलतात ते एकच, "हय माका गमना नाय. माका गावाक धाडा." गावाला मालवणाकडे घर होतं, पण बंद. शेजारपाजारची माणसं मुंबईला नाहीतर देवाघरी गेलेली. आजींचे गुडघे असे की विहिरीपर्यंत चालणंही जमायचं नाही. तरी हट्ट एकच. शेवटी मुलगा कंटाळला. गृहप्रवेशाची पूजा होऊ दे, त्याच संध्याकाळी गाडीनं सोडून येतो, असं त्यानं कबूल करून टाकलं होतं.

"तिथे एकट्या राहिल्या तर काय होईल, मला विचारही करवत नाही," सून म्हणाली. "मी त्यांच्या हातचं खाऊन बँकेच्या परीक्षा दिल्यात हो."

सरांनी चष्मा काढला. मागे चालले नाहीत. सरळ ट्रंकेपाशी गेले आणि आपला प्रश्न विचारला. "मावशी, तुमच्याकडची टाकवत नाही अशी एक वस्तू दाखवा."

आजींनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग खाली उतरल्या, ट्रंक उघडली आणि तळातनं एक चादर काढून सरांच्या अंगावर जवळजवळ फेकलीच. "ही बघ. ही काय टाकूक होणा नाय."

जाडजूड गिरणीची चादर. विटकरी जमीन, तिच्यावर हातभर हळदी फुलं, फुलांच्या मध्ये बारीक बुट्टी आणि कडेनं बाटलीहिरव्या रेघा. सरांनी काढलेला चष्मा परत घातला आणि चादर अगदी नाकाशी धरली. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. "अगं, तिन्ही आहेत," ते मला म्हणाले. "मोठ्यानं बोलणारं, हळू बोलणारं आणि रेघ. हिच्यात सगळं घर तयार आहे. आपल्याला नुसतं उलगडायचंय."

मग आम्ही ते घर उलगडायला लागलो. एक भिंत विटकरी केली. पडद्यांना विटकरीवर हळदी बुट्टीचं कापड घेतलं. सोफ्याला बाटलीहिरव्या रेघा. मोठी फुलं फक्त दोन उशांवर आणि आजींच्या खोलीतल्या खिडकीवर, कारण मोठ्यानं बोलणाऱ्याला सारखं बोलू द्यायचं नसतं. आणि खुद्द चादर आजींच्या पलंगावर. सर रोज येत होते, जेवण विसरत होते, रंगाऱ्याशी भांडत होते, आणि भांडता भांडता आजींकडे चोरून बघत होते. एवढी काळजी त्यांनी कुठल्याही घराची केलेली मी पाहिली नाही. पूजेच्या संध्याकाळी त्या म्हातारीनं गाडीत बसू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मला मात्र काहीतरी खटकायला लागलं होतं. भिंतीला विटकरीचा पहिला हात मारला त्या दिवशी आजींनी ट्रंक उचलून तोंड फिरवून ठेवायला लावली. खिडकीकडे.

"सर, त्या बघतच नाहीयेत."

"भरून येतंय त्यांना," सर म्हणाले.

पडदे लागले, तेव्हा आजींनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. सर म्हणाले, जुने दिवस आठवले असतील. मग एका सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर पलंगावरची चादर उलटी घातलेली, फुलं खाली. मी सरांना दाखवली. "जपून वापरतात," सर म्हणाले, पण यावेळी आवाज जरा चढा होता. पुढे काही विचारायची सोय नव्हती. सुनेच्याही चेहऱ्यावर आता हसू राहिलं नव्हतं. आजींची कापडी पिशवी रोज थोडी थोडी फुगत होती. त्यात औषधं गेली, देवाची तसबीर गेली, शेवटी टॉवेलही गेला.

पूजेचा दिवस उजाडला. घर असं दिसत होतं की मला स्वतःला तिथे राहावंसं वाटलं. दारात उभं राहिलं की एकेक रंग दुसऱ्याच्या हातात हात घालून आत नेत होता. चाळीतली जुनी माणसं, आता वरच्या-खालच्या मजल्यांवर विखुरलेली, एकेक करून येत होती आणि दारातच थबकत होती. "अरे वा!" "हॉटेलवानी झालां!" मोबाइलवर फोटो निघत होते. सर कोपऱ्यात उभे, पांढऱ्या शर्टात, चष्मा हातात. प्रसादाची वाटी तशीच. त्यांची नजर फक्त एका माणसावर होती, आणि ते माणूस स्वयंपाकघराच्या दारात जमिनीकडे बघत उभं होतं.

मुलाचा फोन वाजला. गाडीवाल्याचा असणार. तो बाल्कनीत जाऊन बोलून आला आणि ट्रंकेशेजारची पिशवी उचलून दाराजवळ ठेवली. सून माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की माझ्या बांगड्या रुतल्या.

तेवढ्यात चाळीतली एक जुनी शेजारीण आजींच्या गळ्यात पडली. "वयनी, धन्य गे तुमची! ती चादर अख्ख्या घराक नेसवलात! केवढो तो तुमचो जीव तिच्यावर!"

"जीव?" आजी म्हणाल्या.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"जीव? त्या चादरीवर? अगे, माका बघवना नाय ती! लगीन होवन मी चाळीत इलंय, तेव्हा सासवेन घातल्यान माझ्या आंथरुणावर. माका बघून उलटी येयत. मी म्हटलंय, दुसरी घेवया. तर सासवेन सांगल्यान, ही फाटली काय मगे तुझ्या पसंतीची घे." त्यांनी श्वास घेतला. "मी वाट बघलंय. सासू गेली, घोव गेलो, गिरण बंद पडली. माझी हाडां झिजली, पण त्या मेल्या चादरीचो धागो सुटलो नाय! आणि आता ह्या माणसान ती भितीर पण लावल्यान!"

कुणीतरी फिसकन हसलं. मी सरांकडे बघायचं टाळत होते. भिंतीला, उजेडाला, मला, कशालाही बोल लावता येत नव्हता. प्रश्न त्यांचा होता आणि उत्तरही अगदी खरं मिळालं होतं. गिरणगावातल्या घरात न फाटलेली वस्तू टाकत नाहीत, मग ती आवडो की न आवडो. एवढी साधी गोष्ट गिरगावच्या माणसाला सुचली नाही आणि परळची मी, माझ्या आईच्या माळ्यावर नको असलेली भांडी खच्चून भरलेली, मलाही सुचली नाही. आता ते ओरडतील, टेप आपटतील, निघून जातील, याची मी वाट बघत होते. मुलगा पुढे झाला. "आई, चल. गाडी इली हा."

सर हलले. पण दाराकडे नाही. ते आजींच्या समोर गेले आणि फरशीवर मांडी घालून बसले, सगळ्या पाहुण्यांच्या देखत.

"चुकलो मावशी," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही. "तुम्हाला कुठला रंग आवडतो?"

आजींनी सुनेकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. एवढ्या मोठ्यानं भांडलेली बाई एकदम शाळेतल्या मुलीसारखी दिसायला लागली.

"माका खय ठावक?" त्या शेवटी म्हणाल्या. "माका कोणी कधी इचारूकच नाय."

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

सरांनी मला खूण केली. मी आमची नमुन्याच्या कापडांच्या तुकड्यांची पिशवी आणून दिली आणि त्यांनी ती फरशीवर, आजींच्या पायाशी पालथी केली. कापडांचा ढीग पडला. आजी आधी नुसत्या बघत राहिल्या. मग गुडघ्याला हात लावत, कण्हत, खाली बसल्या. एक तुकडा बोटाच्या टोकानं उचलला, टाकला. दुसरा उचलला. "ह्यो मळकट." टाकला. "ह्यो म्हातारो दिसता." टाकला. "आणि ह्यो रे काय? पोलिसाच्या गाडीचो?" सर एकेक तुकडा पुढे करत होते. पाहुण्या बायका हळूहळू गोल करून बसल्या. एका फिक्या जांभळ्या तुकड्यावर आजींचा हात थांबला. कापडावर बारीक पांढऱ्या कळ्या होत्या. त्यांनी तो उजेडात धरला, गालाला लावला, आणि कुणी बघतंय हे लक्षात येताच चटकन मांडीवर ठेवला. टाकला मात्र नाही.

"याच्याबरोबर रेघांचं काय घ्यायचं?" सरांनी विचारलं.

"तुका ठावक. तू शिकलंस ना?" आजी म्हणाल्या. मग मांडीवरचा तुकडा सारखा करत, "पण दाखव आधी."

"मग ती चादर टाकून देऊ या ना, मावशी?"

"टाकूची कित्या?" आजी कडाडल्या. "चांगली आसा ती. फाटूक नाय."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग परत. मुलगा पिशवी हातात घेऊन दारात ताटकळत होता. "आई, गाडीवालो थांबना नाय. निघूया ना?"

आजींनी मान वर केली नाही. सरांच्या हातातला निळ्या रेघांचा तुकडा काढून घेतला आणि जांभळ्याच्या शेजारी ठेवून मान वाकडी करून बघायला लागल्या.

"जातलंय खय?" त्या म्हणाल्या. "ह्यांका हय टाकून? माझी पाठ फिरली काय परत सगळा घर इटकरी करून ठेवतले. सांग तेका, मी जावचंय नाय."

मुलानं पिशवी खाली ठेवली. सून धावली आणि तिनं ती उचलून आतल्या खोलीत नेली.